तालीम

‘तालीम’ हा शब्द कानी पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दोन जागा उभ्या राहतात. एक लाल मातीचा आखाडा, आणि दुसरी प्रयोगाआधीची, प्रेक्षक नसलेली रंगभूमी. दोन्ही ठिकाणी शरीर तीच कृती पुन्हा पुन्हा करीत असते आणि कोणी जाणता माणूस कडेला उभा राहून चूक दाखवीत असतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिकवणे. ‘इल्म’ आणि ‘उलेमा’ हे त्याचे गोत्रज. काश्मीरमध्ये मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो थेट मागाशी जोडलेला आहे. तेथे तालीम म्हणजे कागदाची एक पट्टी. कोणत्या रंगाचा धागा ताण्याच्या किती धाग्यांवरून न्यायचा, याची नोंद तिच्यावर सांकेतिक खुणांनी ओळीओळीने केलेली असते.

ही पट्टी कशी तयार होई, याचे वर्णन १८२२-२३ मध्ये काश्मिरात राहिलेल्या विल्यम मूरक्रॉफ्ट या प्रवाशाने करून ठेवले आहे. नक्काश आकृती रेखाटी. तरह-गुरू त्या आकृतीच्या तळापासून आरंभ करून वर वर जात प्रत्येक ओळीतील रंग आणि त्या रंगाने व्यापायच्या धाग्यांची संख्या मोठ्याने सांगे. तालीम-गुरू ते सारे खुणांच्या लिपीत उतरवून घेई. मग ती पट्टी मागावर जाई. विणकरापुढे चित्र नसेच. त्याच्यापुढे आकडे आणि रंगांची नावे असत, आणि नेहमीच्या धोट्याऐवजी रंगारंगाचे सूत गुंडाळलेल्या बारीक लाकडी काड्या, म्हणजे ‘कानी’ असत. शिवाय शालीची उलटी बाजू विणकराकडे असे. आपण काय घडवितो आहोत हे त्याने पाहावे, अशी व्यवस्थाच नव्हती. मोजणीवरून ते त्याने जाणावे, अशी होती.

भारतीय कारागीर निरक्षर, केवळ हाताच्या सवयीने चालणारा, असे ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्यांनी ही पट्टी विचारात घेतलेली दिसत नाही. लिहिता-वाचता येणारी, पिढ्यान् पिढ्या जतन होणारी आणि चित्राचे संख्येत रूपांतर करणारी अशी ही एक लिपीच होती. बनारसच्या नक्षाबंदांनी हेच रूपांतर कागदाशिवाय, धाग्यांच्या जाळ्यात गाठी बांधून साधले होते. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. आकृती काढणारा एक, सांगणारा दुसरा, लिहिणारा तिसरा आणि विणणारा चौथा, अशा उतरंडीत विणकर तळाशी होता. करांच्या आणि कर्जाच्या ओझ्याखाली तो इतका दडपला गेला होता, की २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरात शालविणकर रस्त्यावर उतरले आणि झालदगर येथे सैन्याच्या कारवाईत त्यांतील कित्येकांना प्राण गमवावे लागले. रेखाटणाऱ्याचा हात आणि विणणाऱ्याचा हात यांची फारकत इंग्रजी शाळेने प्रथम घडविली, असे म्हणणे म्हणूनच सोपे आहे, पण खरे नाही. शाळेने त्या फारकतीला पदवी दिली, एवढे मात्र म्हणता येते.

याच काश्मिरात सुईनेही मागाशी एक विलक्षण स्पर्धा केली. १८०३ च्या सुमारास ख्वाजा युसुफ या आर्मेनियन व्यापाऱ्याने शालीची नक्षी विणण्याऐवजी साध्या शालीवर सुईने भरून घेण्यास आरंभ केला, असे सांगितले जाते. या ‘अमली’ शालीला वेळ कमी लागे, खर्च कमी येई, आणि मागावरच्या शालीवर असलेला जबर कर तिच्यावर सुरुवातीला नव्हता. भरतकाम म्हणजे फावल्या वेळचा बायकी उद्योग, ही समजूत बाळगणाऱ्यांनी हा कराचा हिशेब आठवावा. सुई येथे मागाची नक्कल करीत होती, आणि ती करणारे रफूगर पुरुष होते.

विणकाम आणि भरतकाम या दोन विद्या आजच्या टेक्स्टाइल डिझाइनच्या विद्यार्थ्याला शेजारशेजारच्या दोन तासिकांत शिकविल्या जातात. बहुतेक ठिकाणी त्याची मागाशी पहिली गाठ पडते ती मागापाशी नव्हेच, कागदापाशी. चौकटींच्या आलेख-कागदावर काही चौकोन भरायचे आणि काही रिकामे ठेवायचे. भरलेला चौकोन म्हणजे ताणा वर, रिकामा म्हणजे बाणा वर. एक सोडून एक चौकोन भरला की साधी वीण. दोन भरून दोन सोडले आणि प्रत्येक ओळीत एका घराने सरकले, की कापडावर तिरकी रेघ उमटविणारी ट्विलची वीण. कागदावर हे अर्ध्या तासात समजते. त्यानंतर ताणा करण्यास बसावे लागते. शेकडो धागे सारख्या लांबीचे आणि सारख्या ताणाचे घ्यायचे, गुंता न होऊ देता तुळईवर गुंडाळायचे, मग एकेक धागा वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून ओवायचा. इचलकरंजीकडे ‘वहीफणी’ हा यंत्रमागावरचा एक स्वतंत्र धंदाच आहे. त्यावर आयुष्य काढलेली माणसे आहेत. विद्यार्थ्याला हे काम काही दिवस करावे लागते आणि त्या दिवसांत एक धागा चुकतो. तो चुकला हे कळते विणायला बसल्यावर, बोटभर कापड झाल्यावर. उभी एक रेघ सगळ्या लांबीभर धावत जाते. तेव्हा विणलेले उसवून, धागे काढून, चुकलेल्या जागेपासून पुन्हा ओवणी करावी लागते.

विणकराच्या घरातील मूल हे असे शिकत नाही. ते आधी कांड्या भरते, तुटलेला धागा जोडते, ताण्याला खळ लावताना दुसरे टोक धरते. वीण त्याच्या कानी आधी येते. पावडी दाबण्याचा आणि फणी ठोकण्याचा ताल बिघडला तर काय बिघडले, हे त्याला खड्डामागाच्या आवाजावरून समजू लागते, आणि आकृती सर्वांत शेवटी येते. विद्यालयातील विद्यार्थ्याचा मार्ग याच्या नेमका उलट आहे. आकृती त्याच्या हाती पहिल्याच दिवशी असते आणि हात फार उशिरा येतो; कित्येकांना तो येतही नाही. हा उलटा क्रम कोठून आला, हे पाहू जाता एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जावे लागते.

१८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात हिंदुस्थानी कापडाने इंग्रज समीक्षकांना चकित केले. त्यांच्या यंत्रांना जे जमत नव्हते ते रंगसंगतीचे आणि नक्षीच्या मापाचे भान येथील हातांना होते, ही कबुली त्या काळच्या लेखनात वारंवार आढळते. कबुलीमागून व्यवहार आला. १८६६ मध्ये जॉन फोर्ब्ज वॉटसन यांनी हिंदुस्थानातील कापडांचे सातशे नमुने प्रत्यक्ष कापून, चिकटवून, मोजमापांसह अठरा खंडांत बांधले. अशा वीस प्रती तयार झाल्या. तेरा ब्रिटनमध्ये ठेवण्यात आल्या आणि सात हिंदुस्थानात. हेतू लपविलेला नव्हता: मँचेस्टर आणि ग्लासगोच्या कारखानदारांना हिंदी गिऱ्हाइकाची आवड घरबसल्या कळावी आणि तसा माल त्यांनी काढावा. टेक्स्टाइल डिझाइनच्या विद्येचे हिंदुस्थानातील पहिले पाठ्यपुस्तक कोणते, असा प्रश्न आला तर या अठरा खंडांकडे बोट दाखवावे लागेल. त्यांत कापडाचा तुकडा आहे, त्याची लांबी-रुंदी आहे, वजन आहे. तो विणणाऱ्याचे नाव नाही.

त्याच सुमारास मद्रास, कलकत्ता आणि मुंबई येथे कलाशाळा निघाल्या. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ ची. रेखाटन हा सर्व कारागिरीचा पाया, या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीच्या तत्त्वावर त्या चालल्या. सुतार, कुंभार, विणकर कोणीही असो, त्याने आधी पेन्सिल हाती धरावी. या शाळांतून उत्तम चित्रकार निघाले, ही गोष्ट निराळी. ज्यांच्यासाठी त्या निघाल्या असे सांगितले जात होते, त्या कारागिरांची मुले तेथे फारशी टिकली नाहीत.

बडोद्याचे कलाभवन या बाबतीत वेगळे होते. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये ते उघडले. विणकाम आणि रंगाई हे विषय तेथे शिकविले जाऊ लागले, आणि तेही देशी भाषांतून शिकवावेत, असा आग्रह होता. मागाच्या भागांना नावे मराठीत आणि गुजरातीत होतीच. ती वर्गात बोलण्यास परवानगी मिळणे, हेच त्या काळी नवे होते. सरकारी प्रयत्न दुसऱ्या दिशेने चालले होते. धावत्या धोट्याचा माग विणकरांना द्यावा म्हणून ई. बी. हॅवेल यांनी बंगालकडे खटपट केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या पुढाकाराने मद्रास सरकारने सेलम येथे हातमागांचा कारखाना काढला. सुधारलेला माग विणकरांना नको होता असे नव्हे. दक्षिणेत तो पुढे झपाट्याने पसरला. घर सोडून, घंटेच्या ठोक्यावर, दुसऱ्याच्या छपराखाली विणणे मात्र त्यांना मानवले नाही, आणि कारखाना काही वर्षांत बंद पडला.

गांधींच्या आश्रमातील प्रसंग या इतिहासात विशेष मोलाचा आहे. ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना आपण चरखा किंवा माग डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता, हे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. १९१५ मध्ये अहमदाबादजवळ कोचरब येथे आश्रम स्थापन झाला. त्यानंतर तेथे माग आले, पण आश्रमवासीयांपैकी कोणीही विणकर नव्हता. शिकवायला माणूस हवा म्हणून पालनपूरहून एक जाणकार आणला. त्याने आपली सगळी विद्या दिली नाही, असे गांधी नोंदवितात, आणि मगनलाल गांधींनी आपल्या यंत्रबुद्धीच्या बळावर ती पुरी हस्तगत केली, असे सांगून पुढे जातात.

आत्मकथेतील हा उल्लेख इतका ओझरता आहे की वाचक त्यावरून सहज निसटतो. तो निसटू नये. पालनपूरच्या त्या माणसाचे नाव तेथे आलेले नाही, आणि त्याची बाजूही कोणी विचारलेली दिसत नाही. सुशिक्षित, इंग्रजी जाणणारी, बॅरिस्टराच्या भोवती जमलेली माणसे आपल्याकडून विणणे शिकू पाहतात, हे त्याला कसे वाटले असेल? विद्या ही त्याची भाकरी होती. ती घरात, जातीत, मुलाला किंवा भाच्याला द्यायची, ही रीत कृपणतेची मानली जात नव्हती. उलट ती उधळणाराच मूर्ख ठरला असता. शिकणाऱ्यांच्या दृष्टीने तो लपवाछपवी करणारा शिक्षक ठरतो. हस्तकला शिकवण्याच्या इतिहासात पुढे ज्या ज्या ठिकाणी शहरी विद्यार्थी आणि परंपरागत कारागीर समोरासमोर आले, तेथे तेथे हाच अबोल व्यवहार झालेला आहे. शिकणाऱ्याला ज्ञान हवे असते. शिकविणाऱ्यापुढे प्रश्न असतो की ते दिल्यावर आपल्यापाशी काय उरेल.

मगनलाल १९२८ मध्ये वारले. चरखा आणि विणकाम यांचे शास्त्र करण्याचा त्यांनी मांडलेला उद्योग पुढच्या दशकात वर्ध्याला शिक्षणशास्त्र होऊन उभा राहिला. ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा परिषद, झाकिर हुसेन समिती आणि त्यातून आलेली ‘नई तालीम’ महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. टकळीवरच्या सुताच्या लांबीवरून गणित, कापसावरून भूगोल, कापडाच्या व्यापारावरून इतिहास, अशी ती समवाय पद्धती होती. योजनेचे नाव ठेवताना काश्मीरच्या त्या कागदी पट्टीची आठवण कोणाला झाली असेल असे नाही. शब्द हिंदुस्थानीत रुळलेला होता म्हणून आला. तरीही आशय जुळला. हाताने मोजता मोजता बुद्धीने शिकायचे, हे दोन्ही तालमींचे सूत्र होते. नई तालमीचे दुर्दैव असे की ती स्वीकारणाऱ्या मध्यमवर्गाने तिला ‘सूत कातण्याचा तास’ करून टाकले. टकळी फिरत राहिली, गणित फळ्यावर परतले.

शांतिनिकेतनात भरतकामाला निराळा मान मिळाला. १९१९ मध्ये सुरू झालेल्या तेथील कलाभवनात नंदलाल बोस यांच्या सहवासात सुकुमारीदेवी या अल्पना आणि भरतकाम शिकवीत; पुढे नंदलालांच्या कन्या गौरी भंज यांनी ते काम चालविले. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने अंगणातील रांगोळीच्या हाताकडून शिकावे, ही कल्पना त्या काळात धाडसाची होती. त्याच वर्षी जर्मनीत वायमार येथे बाउहाउस निघाले. स्त्री-पुरुष समतेची घोषणा करणाऱ्या या संस्थेने प्रवेश घेतलेल्या बहुतेक मुलींना विणकामशाळेत धाडले. गुंटा श्टोल्त्सल यांनी तेथील मुलींसह तंत्र बऱ्याच अंशी स्वतःच शोधून काढले, रंगाई आणि विणकाम शिकण्यासाठी क्रेफेल्डच्या शाळांत जाऊन त्या शिकून आल्या, आणि १९२७ पासून १९३१ पर्यंत त्यांनी ही कर्मशाळा चालविली. अ‍ॅनी अ‍ॅल्बर्स यांना काचकामाकडे जायचे होते. त्याही मागाकडे आल्या आणि मग दीर्घकाळ तेथेच राहिल्या. १९६५ मध्ये त्यांनी विणकामावर ग्रंथ लिहिला, तेव्हा तो प्राचीन पेरूच्या विणकरांना आपले गुरू म्हणून अर्पण केला. त्या गुरूंची नावे त्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. तरी विणकर हा शब्द अर्पणपत्रिकेत गुरू या शब्दाशेजारी आला.

स्वातंत्र्यानंतर भारतात दोन संस्थांनी या विद्येला वळण दिले. पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने १९५६ पासून विणकर सेवा केंद्रे निघाली आणि चित्रकारांना सरकारी नोकर म्हणून विणकरांशेजारी बसविण्यात आले. के. जी. सुब्रमण्यन् १९५९ ते १९६१ या काळात मुंबईत हातमाग मंडळावर होते. प्रभाकर बरवे १९६१ मध्ये या केंद्रांत रुजू झाले, आरंभीची काही वर्षे बनारसला राहिले आणि दोन दशके त्यांनी तेथे काढली. ‘कोरा कॅनव्हास’च्या वाचकाला बरव्यांचे चित्रावकाशाविषयीचे चिंतन ठाऊक असते, त्यांची नोकरी साड्यांच्या आणि कापडांच्या नक्षीची होती, हे सहसा आठवत नाही. अवकाशाची अशी काटेकोर वाटणी करणाऱ्या चित्रकाराने वीस वर्षे ताण्याबाण्याच्या शेजारी काढली, ही बाब मराठी कलासमीक्षेने अधिक गंभीरपणे घ्यावयास हवी होती.

दुसरी संस्था अहमदाबादची. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला, त्यात एका साध्या लोट्याचे कौतुक केले, आणि १९६१ मध्ये राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. फिनलंडहून आलेल्या हेलेना पेरहेनतुपा यांनी तेथील टेक्स्टाइल डिझाइनच्या शिक्षणाला मागाचे अधिष्ठान दिले. विद्यार्थ्याने कापड आधी स्वतः विणावे, मग त्यावर बोलावे. १९७५ मध्ये रवी मथाई यांच्या पुढाकाराने राजस्थानातील जवाजा येथे विणकर आणि चामडे कमावणारे यांच्यासोबत प्रकल्प सुरू झाला, तेव्हा ही संस्थाही त्यात उतरली. त्याच काळात विद्यार्थ्यांनी एखाद्या गावी काही आठवडे राहून तेथील कलेची साद्यंत नोंद करण्याची प्रथा रुजली. आराखडे, हत्यारांची मापे, शब्दसंग्रह, कुटुंबांची माहिती अशा कित्येक वह्या त्यातून निघाल्या. अदिती रंजन आणि एम. पी. रंजन यांनी संपादित केलेला २००७ चा ‘हँडमेड इन इंडिया’ हा बृहद्ग्रंथ याच परंपरेतला.

या वह्यांना फोर्ब्ज वॉटसनच्या खंडांचे वंशज म्हणणे अन्यायाचे होईल. येथे विद्यार्थी कारागिराच्या ओट्यावर बसला, त्याच्या घरी जेवला, त्याचे नाव त्याने लिहून घेतले. पण एक साम्य नाकारता येत नाही. नोंद झाली की ती गावातून निघून ग्रंथालयात गेली. विद्यार्थ्याला त्या नोंदीवर गुण मिळाले आणि पुढे डिझायनर हे अभिधान मिळाले. ज्याच्यापाशी तो शिकला, त्याला वहीत ‘कारागीर’ म्हटले गेले. शिक्षकाला विद्यार्थ्याहून खालची पदवी देणारी दुसरी विद्याशाखा शोधून सापडणे कठीण आहे.

भरतकामाच्या बाबतीत ही विसंगती अधिक उघडी पडते. वर्गात भरतकाम शिकविले जाते ते टाक्यांच्या यादीप्रमाणे. साखळी, कांथा, काश्मिरी, काज, प्रत्येकाचा एकेक चौकोनी नमुना करून वहीत लावायचा. आकृती आधी कापडावर छापून घेतलेली असते. सुईने तिच्यावरून जायचे. लखनौच्या चिकनकामात असेच ठसे उमटवितात आणि कच्छमधल्या काही प्रकारांत रेघा आधी काढतात, तेव्हा ही पद्धत परकी नाही. पण देशातील कितीतरी कशिद्यांना रेघ नसतेच. धारवाडकडची कसुती घ्यावी. इरकली लुगड्यावर आणि काळ्या चंद्रकळेवर गोपुरे, पालख्या, हत्ती, तुळशीवृंदावने भरणारी ही कला महाराष्ट्राच्या सीमेवरच्या घरांना नवी नाही. तिच्यातील गवंती टाक्यात सुई जाताना एक आड एक पायरी भरीत जाते आणि परतताना राहिलेल्या पायऱ्या भरीत आरंभबिंदूशी येते. गाठ मारायची नाही आणि दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. म्हणजे पहिला टाका घेण्यापूर्वी सगळी वाट डोक्यात हवी. दुसऱ्या एका टाक्याचे नाव ‘नेयगी’, कन्नडमध्ये त्याचा अर्थच विणणे. भरणाऱ्या बाईला सुईने विणणे आणि मागावर विणणे यांतील नाते भाषेतच सापडलेले होते.

कच्छमधील सूफ हे याहून कठीण. १९७१-७२ मध्ये सिंधच्या थरपारकर भागातून आलेल्या सोढा आणि मेघवाळ कुटुंबांबरोबर हा कशिदा कच्छच्या गावांत अधिक पसरला. त्रिकोणांवर रचलेली ही नक्षी कापडाच्या उलट बाजूने भरतात. कापडाचे ताणेबाणे मोजायचे, सुई उचलायची, पुन्हा मोजायचे. सुलट बाजूला काय उमटते आहे ते भरणारीला मनातच पाहावे लागते, कानी विणणाऱ्याने पाहावे तसे. टेक्स्टाइल डिझाइन शिकणारा विद्यार्थी आलेख-कागद घेऊन तिच्यापुढे बसतो, तेव्हा तो तिच्या मोजणीचे भाषांतर करीत असतो. ते भाषांतर त्याच्या उपयोगाचे असते, तिच्या नव्हे. कापड हाच तिचा आलेख-कागद आहे.

हीच बाई विद्यार्थिनी म्हणून वर्गात आली तर काय होईल, हा प्रश्न एकविसाव्या शतकात कच्छनेच विचारला. रबारी भरतकामाच्या अभ्यासक ज्युडी फ्रेटर यांनी २००५ मध्ये कलारक्षा विद्यालय सुरू केले. पुढे २०१४ मध्ये सोमैया कला विद्या ही दुसरी संस्था त्याच मार्गाने निघाली. विणकर, रंगारी, ठसे मारणारे, भरतकाम करणाऱ्या स्त्रिया, ज्यांच्या हाती विद्या आधीच आहे अशांनाच तेथे प्रवेश. वर्षभरात दोन-दोन आठवड्यांचे सहा वर्ग, मध्ये घरी जाऊन काम. शेती, सण, लग्ने आणि मुले सांभाळून शिकता यावे म्हणून. तंत्र तेथे शिकवीत नाहीत. रंग, रचना, बाजार आणि आपले काम दुसऱ्यापुढे मांडण्याची रीत शिकवितात. भुजोडीचा विणकर मागावर पूर्वी जी नक्षी रबारी गिऱ्हाइकाच्या कांबळ्यासाठी घाली, ती कोठे ठेवायची आणि कोठे सोडायची, याचा निर्णय आता त्याने घ्यायचा असतो. डिझायनर हा शब्द येथे ज्याचा हात चालतो त्याला मिळू लागला.

या प्रयोगाविषयी आक्षेप आहेत, आणि ते अगदीच निराधार नाहीत. बाजाराच्या आवडीचे धडे घेतलेला कारागीर अखेर शहरी डिझायनरसारखाच विचार करू लागेल. नक्षीमागचे गोत, गाव, लग्न हे सारे ‘संकल्पना’ या एका शब्दात विरघळेल. शिवाय शिकलेला एक विणकर नावारूपाला येतो तेव्हा त्याच्यासाठी मजुरीवर विणणारे दहा तसेच राहतात. झालदगरची उतरंड नव्या रूपात उभी राहते. पण परंपरा शाळेबाहेर सुरक्षित होती, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. एप्रिल १९९५ मध्ये कच्छमधील ढेबरिया रबारींच्या ज्येष्ठांनी आपल्या समाजात भरतकामावर बंदी घातली. मुलीचा आंदण-कशिदा पुरा होईपर्यंत लग्ने आणि सासरी पाठवणी वर्षानुवर्षे रखडत, हे त्याचे कारण. हा निर्णय कोणा कारखान्याने, सरकारने किंवा विद्यालयाने घेतलेला नव्हता. बंदीनंतर तेथल्या बायकांनी तयार पट्ट्या आणि फिती यंत्रावर शिवून नवी सजावट काढली. अभ्यासक हळहळले. ज्या मुलींची लग्ने वेळेवर झाली, त्यांची हळहळ कोणती होती हे त्यांनाच विचारले पाहिजे.

मागाकडेही आकडे बदलले आहेत. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांहून अधिक माणसे या व्यवसायात मोजली गेली आणि त्यांत दर दहांपैकी सातांहून अधिक स्त्रिया निघाल्या. विणकर म्हटले की पुरुष आणि भरतकाम म्हटले की बाई, ही वर्गातील जुनी वाटणी या गणनेने निकालात काढली. त्याच २०२० मध्ये, जुलै महिन्यात, अखिल भारतीय हातमाग मंडळ केंद्र सरकारने गुंडाळले. सुब्रमण्यन् ज्या मंडळावर होते त्याच नावाचे, विणकरांच्या प्रतिनिधींना दिल्लीत बसण्याची जागा देणारे ते मंडळ होते.

काश्मिरातील तालमीचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. कानी शाल क्षीण झाली तरी गालिच्यांच्या मागावर ती टिकली. श्रीनगरच्या गालिचा-तंत्र संस्थेत नक्षी संगणकावर चौकटींत मांडण्याची व्यवस्था आली, तेव्हा चौकटीचा रंगीत कागदच विणकराच्या हाती द्यावा, असे कोणालाही वाटले असते. विणकर मात्र चौकटी वाचत नव्हता. तो तालीम वाचत होता. म्हणून त्या नक्षीवरून यंत्राला तालमीच्या जुन्या खुणांची पट्टी काढून देण्यास शिकवावे लागले. आता पट्ट्या लिहिणाऱ्याच्या बोरूऐवजी छपाईयंत्रातून निघतात, मागावर ताण्याच्या वरच्या बाजूला खोचल्या जातात, आणि गालिचा विणणारा ओळ वाचतो, गाठी मारतो, फणीने ठोकतो आणि पुढची ओळ वाचतो.